अकरा बासष्ट

चॉकलेटचा फज कढईतून ताटात ओतायची वेळ एकच असते, आणि ती फार तर अर्धा मिनिट टिकते. त्याआधी ओतला तर वडी धरत नाही, नंतर ओतायला जावं तर तो कढईतच रवाळ होऊन बसतो, मग खरवडून काढा आणि घरच्यांना आठवडाभर चहाबरोबर चारा. लोणावळ्याच्या बाजारात एकतीस वर्षं चिक्की आणि फज करणाऱ्या बद्रुद्दीनची ही वेळ कधी चुकली नव्हती. मुलगी झाल्याची बातमी आली तेव्हासुद्धा त्यानं आधी ताट भरलं होतं आणि मग दवाखान्याकडे धाव घेतली होती. ती वेळ भाद्रपदातल्या त्या मंगळवारी चुकली. खिशात मोबाइल थरथरला, डाव्या हातानं त्यानं तो काढला, उजव्या हातातलं उलथनं थांबलं, आणि ‘मावळ बैलगाडा शौकीन’ या ग्रुपवर तो चालवणाऱ्या पप्पूनं टाकलेल्या दोन ओळी त्यानं उभ्या उभ्या वाचल्या. वडिवळ्याच्या गेणूआबांचा बैल कंदील याच्या तपासणीचा अहवाल आला आहे. उत्तेजक सापडले आहे. खाली अहवालाचा फोटो, आणि त्याच्याखाली तोंडावर हात घेतलेले पिवळे चेहरे एकामागून एक उगवायला लागले होते. बद्रुद्दीननं मोबाइल खिशात ठेवला, कढईत पाहिलं, तर तिथं फजाचा दगड झाला होता. पोरीच्या जन्माला न चुकलेला हात एका बैलापायी चुकला, हे बायकोला, नजमाला, कळलं तर उरलेल्या जन्माची सोय झाली, एवढं मात्र त्याला त्याही स्थितीत सुचलं.

आता हे खरं की कंदील त्याचा नव्हता. त्याच्या घरात चार पिढ्यांत कोणी बैल पाळला नव्हता. वलवणला धरणाच्या अंगाला तीन खोल्या, बाजारात आठ फुटी दुकान, बैल बांधणार कुठं? पण शौकिनाला दावण लागत नाही. घाटाच्या कडेला उभं राहायला दोन पाय आणि ओरडायला एक गळा असला की पुरतो. घाट म्हणजे चढाला आखलेली धाव. खाली झेंडा पडला की चार बैलांचा हलका गाडा सुटतो, वर पोचला की दुसरा झेंडा पडतो, आणि मधला काळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात; अशी एक धाव म्हणजे एक बारी. गेल्या माघातल्या जत्रेत गेणूआबांचा गाडा अकरा सेकंद बासष्टमध्ये वर गेला. त्या घाटावर इतक्या कमी वेळात कोणाचाच गाडा गेला नव्हता. पुढच्या जोडीत डावीकडे कंदील होता, काळाभोर, कपाळावर पांढरा डाग, मान किंचित वाकडी, जणू पळता पळता कोणाला तरी विचारतोय की एवढंच का. बद्रुद्दीन वरच्या झेंड्यापासून दहा पावलांवर उभा होता. त्या अकरा सेकंदांत त्याला दुखरा गुडघा आठवला नाही, दुकान आठवलं नाही, आपण छपन्न वर्षांचे आहोत हे आठवलं नाही. त्यानंतर कोणीतरी त्याला उचललं, की त्यानं कोणाला उचललं, गुलालानं डोळे चुरचुरत होते आणि तो रडत होता, आणि रडण्याचं कारण गुलालच आहे असं तो आजूबाजूच्यांना सांगत होता. सुख म्हणजे काय ते त्याला तेव्हा कळलं. लग्नात कळलं नव्हतं असं नाही, पण लग्नात पाहुण्यांच्या जेवणाची काळजी होती; इथं नुसतं सुख होतं, त्याला चिकटलेलं दुसरं काही नव्हतं. आणि आता, सहा महिन्यांनी, दगड झालेल्या कढईसमोर उभं असताना, त्याला वाटलं की ते सुख कोणीतरी मागच्या दारानं येऊन उचलून नेतंय. बैल सुईवर पळाला असेल तर मग त्या दिवशी आपण रडलो ते कशासाठी?

हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं, कारण या विषयावर त्याची मतं साऱ्या मावळाला पाठ होती. पावसाळ्यात घाट बंद असतात आणि शौकिनांना दुसरं काम नसतं. शर्यती नसल्या की बैलांच्या बदल्या सुरू होतात. हा बैल त्या गावाला गेला, त्या गावचा या गावाला आला, एकाच्या बदल्यात दोन गेले, पळता बैल देऊन कोणी दावणीला बांधायची नुसती आशा घेतली. या सगळ्याची त्याला मनापासून चीड होती. बैल म्हणजे काय तलाठी आहे, तीन वर्षं झाली की बदली करायला, असं तो गिऱ्हाइकाला चिक्की बांधून देता देता सांगायचा, आणि मुंबईचं गिऱ्हाईक बिचारं मान हलवून पैसे द्यायचं. दुसरी चीड सुईची. शर्यतीआधी बैलाला टोचणाऱ्यांची त्याला इतकी किळस होती की उन्हाळ्यात त्यानं ग्रुपवर एक ठरावच मांडला होता, तोही स्वतःच्या आवाजात, सव्वातीन मिनिटांचा. ज्याच्या बैलात उत्तेजक सापडेल त्याला जन्मभर घाटबंदी, त्याच्या नावावरचे सगळे विक्रम रद्द, आणि तपासणीशिवाय कुठलीही बदली नाही. शेवटी त्यानं म्हटलं होतं की सुईवर पळतो तो बैल नव्हे, मोटार. या वाक्यावर एकशे चाळीस अंगठे आले होते. घाट कमिटीनं ठराव जसाच्या तसा उचलला. पप्पूनं आज अहवालाखाली सगळ्यांत आधी काय टाकलं असेल, तर तेच सव्वातीन मिनिटं. रविवारच्या कमिटीच्या बैठकीत बद्रुभाऊंच्या ठरावाप्रमाणे निर्णय होईल, असं वर लिहून. बद्रुद्दीनचाच आवाज साऱ्या तालुक्यात पुन्हा वाजत होता आणि त्यातला शब्द न् शब्द गेणूआबांच्या डोक्यावर पडत होता.

मुलगी उझमा गल्ल्यावर बसली होती. ती तळेगावला फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला. सुटीला आली की दुकानात बसते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला साखर किती ते खरं सांगून धंदा बसवते. बापाचा चेहरा पाहून तिनं मोबाइल हातातून घेतला, अहवाल दोन बोटांनी मोठा केला, त्यातलं लांबलचक नाव वाचलं आणि खुदकन हसली. थिओब्रोमीन. तिनं बद्रुद्दीनकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या कढईकडे पाहिलं, आणि तिचं हसू हळूहळू गेलं. “अब्बा, हे कोकोमध्ये असतं. चॉकलेटमध्ये. सुईबिई काही नाही हे. तुम्ही त्याला काही खायला घातलं होतं का?” “मी कशाला घालीन,” बद्रुद्दीन म्हणाला. उत्तर इतक्या चटकन आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. खोटं बोलायला माणसाला वेळ लागतो अशी त्याची समजूत होती. ते तर ओठांवर तयारच बसलं होतं.  उझमानं मोबाइल परत दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला अर्धा किलो शेंगदाणा चिक्की जोखून दिली.

घातलं होतं. अर्धा किलो फज घातला होता, आणि साधा नाही, अक्रोडाचा. श्रावण संपता संपता कळलं की गेणूआबा कंदीलची बदली करताहेत, आणि कोणाशी, तर इंदुरीच्या अंबाजीशेठशी, ज्याचा गाडा माघात आठ शतांशांनी मागे पडला होता. बदल्यात एक दुसा घ्यायचा, म्हणजे दोनच दात आलेला पोरगेला बैल, ज्यानं अजून घाट पाहिलेलाही नाही. बद्रुद्दीन चार दिवस जेवला नाही नीट. मग रीतीप्रमाणे दुसा वडिवळ्याला आला. बदलीआधी आठ-दहा दिवस दोन्ही बैल जुन्या मालकाच्या दावणीला शेजारी शेजारी बांधतात, म्हणजे एकमेकांचा वास अंगाला लागतो आणि नंतर ते मालकाला हुडकत फिरत नाहीत. त्याच आठवड्यात डॉक्टर तपासणीला येणार होते. अकरा वाजता येणार हे बद्रुद्दीनला ठाऊक होतं, त्याच्याच ठरावाची तर तपासणी. तो आठ वाजता गेला. निरोपाला हात हलवत कसं जायचं? कोणी पाहुणा गाव सोडून निघाला तर आपण त्याच्या हातावर काहीतरी गोड ठेवतोच. गेणूआबा वैरणीला गेले होते. बद्रुद्दीननं डबा उघडला, एक वडी तळहातावर धरली, आणि कंदीलनं ती अशा अदबीनं उचलली की दुसरी द्यावीच लागली. मग तिसरी. बैलाच्या नाकातून गरम ओला वारा मनगटावर येत होता, कोकोचा आणि कडब्याचा एकत्र वास, आणि बद्रुद्दीन त्याच्याशी बोलत होता. इंदुरीची माणसं चांगली आहेत, इंद्रायणीचं पाणी आहे, तिथं असं मान वाकडी करून उभा राहू नकोस, लोक हसतील. डबा रिकामा झाला तेव्हा त्याला वाटलं होतं, आता जायला हरकत नाही. वर्षभर दुसऱ्यांच्या सुया मोजणाऱ्या माणसाला आपल्या हातातला डबा दिसला नव्हता. घरचं गोड कुठं उत्तेजक असतं?

आणि याहून एक गोष्ट होती, जी तो स्वतःलाही हळू आवाजात सांगत होता. अहवाल वाचून पहिला धक्का बसला, तो ओसरला, आणि त्याच्यामागून आत कुठंतरी एक उकळी फुटली होती. सौदा मोडणार. दोषी बैल कोण घेतो? कंदील वडिवळ्यातच राहणार, वीस मैलांच्या आत, जेव्हा वाटेल तेव्हा स्कूटर काढून जावं आणि कपाळावरचा डाग खाजवावा. आपण गप्प बसलो तर झालं. गप्प बसायला काही करावंही लागत नाही, तोच तर त्याचा गोडवा. फक्त गेणूआबांना जन्मभर घाट बंद, माघातली बारी पुसली जाईल, आणि ज्या म्हाताऱ्यानं आयुष्यात बैलाला हाकायची पराणीसुद्धा लावली नाही त्याला चार गावं सुईवाला म्हणतील. बद्रुद्दीननं दुकान लवकर बंद केलं. खरवडलेल्या फजाचा पुडा घेऊन तो धरणाच्या बांधावर जाऊन बसला. पाणी काठोकाठ होतं, पलीकडे तेरडा फुलून अख्खा उतार जांभळा झाला होता, आणि इतकं सुंदर दिसत असताना आपल्या मनात इतका गाळ असावा याची त्याला लाज वाटली. मग त्याला एक शंका आली. शंका कसली, कुतूहल. त्यानं पुड्यातले सहा तुकडे एकापाठोपाठ खाल्ले, बांधाच्या पायथ्याला उतरून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि पायऱ्या जमेल तितक्या वेगानं चढून गेला. बेचाळीस पायऱ्यांना एक मिनिट दहा सेकंद लागले, वर पोचल्यावर त्याला कठड्याला धरून उभं राहावं लागलं, आणि फिरायला आलेल्या एका बाईनं पाणी हवंय का म्हणून विचारलं. फजानं चढ चढता येत असता तर लोणावळ्याला येणारे निम्मे पर्यटक खंडाळ्याचा घाट पळत चढून आले असते. तो एकटाच हसला. हसता हसता त्याला आठवलं की माघातल्या त्या सकाळीही, गाडा जुंपायच्या आधी, त्यानं खिशातली एक वडी कंदीलच्या तोंडात सरकवली होती, आणि त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

एकच वडी. साडेचारशे किलोचा बैल आणि वीस ग्रॅमची वडी. पण कोणी मोजलंय? आठ शतांश म्हणजे तरी किती, पापणी अर्धी मिटते तेवढा वेळ. त्यानं डोळे मिटून तो दिवस पुन्हा पाहायचा प्रयत्न केला, तर घाटावर सगळं जागच्या जागी होतं, झेंडा, धुरळा, वाकडी मान, पण प्रत्येक वेळी बैलाच्या तोंडात ती वडी होती. आपल्याच हातानं आपलं सगळ्यात मोठं सुख आपण बाटवलं की काय? दुसऱ्याच्या सुईला मोटार म्हणणारा तो आवाज मघापासून त्याच्या कानात वाजत होता, आणि त्या आवाजाचा त्याला राग येत होता, एवढं ठाम कोणी असतं का? घरी आल्यावर नजमानं ताट वाढलं, तो दोन घास खाऊन उठला. तिनं विचारलं नाही, कारण उझमानं तिला सांगितलं होतं. आणि तिनं विचारलं नाही म्हणून तिला ठाऊक आहे हे त्याला कळलं. निजायच्या आधी ती एवढंच म्हणाली की गेणूआबांच्या चिमाबाईंनी मागच्या वर्षी तांदूळ पाठवला होता, तसा तांदूळ पुन्हा नाही मिळाला. यात काही सांगितलेलं नव्हतं. तरी त्यानं रात्रीच स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का ते पाहून ठेवलं.

बुधवारी सकाळी तो निघाला. कार्ल्यापर्यंत त्याचं ठरत होतं, कामशेतला मोडलं, फाट्याला वळताना पुन्हा ठरलं. वडिवळ्याच्या वाटेला दोन्ही बाजूंना भात पोटरीला, लोंबी धरायला आलं होतं, हिरवा रंग इतका दाट की डोळ्यांना गारवा वाटावा, आणि खाचरांच्या बांधावरून बगळे आपल्याच नादात चालले होते. त्याला वाटलं, आपण नुसतं आबांना सांगावं, एकांतात. आबा कोणाला बोलणार नाहीत. सांगितल्याचं समाधान आपल्याला, बैल वडिवळ्याला, आणि आबांचं नाव... आबांच्या नावाचं काय ते त्या वाक्यात बसेना. तो दारात पोचला तर अंगणात टेम्पो उभा. अंबाजीशेठ सौदा मोडून आपला दुसा न्यायला आले होते. पांढरा सदरा, हातात दुशाचं दावं, तोंड घट्ट मिटलेलं. गेणूआबा ओटीवर बसले होते, सत्तरीचा वाळका माणूस, गुडघे छातीशी घेऊन, कोणीतरी रागावलेल्या पोरासारखे. चिमाबाई दारात पदर धरून उभ्या होत्या. कोणी भांडत नव्हतं. भांडण असतं तर बरं, असं वाटावं अशी ती शांतता होती, आणि तिच्यात एकटा कंदील रवंथ करत होता. बद्रुद्दीनला पाहून त्यानं मान वाकडी केली.

पुढचं त्यानं स्कूटर स्टँडवर लावायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर ते राहिलं असतं. अंबाजीशेठ, दुसा नेऊ नका. उत्तेजक नाही ते. डॉक्टर यायच्या आधी मी त्याला अर्धा किलो चॉकलेटचा फज खायला घातला होता, माझ्या हातानं, आबा घरात नव्हते, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. मग त्यानं उझमानं सांगितलेलं सगळं सांगितलं, कोको, लांबलचक नाव, आणि सांगता सांगता त्याला जाणवलं की आपला आवाज सव्वातीन मिनिटांतल्या त्या आवाजासारखा मुळीच येत नाहीये. अंबाजीशेठनी ऐकून घेतलं. ते घाटाचे जुने माणूस, त्यांच्या कपाळाला एक आठी पडली आणि तिथंच राहिली. त्यांनी दावं हातात तसंच धरून विचारलं, “जत्रेच्या दिवशीबी दिलता का?”

हे विचारणारा माणूस आठ शतांशांनी हरला होता. त्या एका प्रश्नावर त्याचा हक्क होता, आणि खोटं उत्तर तो पकडू शकणार नव्हता, कारण त्या सकाळी बद्रुद्दीनला कोणी पाहिलं नव्हतं. बद्रुद्दीननं आबांकडे पाहिलं. आबा जमिनीकडे पाहत होते. कालचं ते तयार उत्तर पुन्हा ओठांवर येऊन बसलेलं त्याला कळलं, मी कशाला देईन, तेच, तसंच गुळगुळीत. नाही म्हटलं तर माघ आपला राहतो. पण कसा राहतो, डोळे मिटल्यावर बैलाच्या तोंडात काय दिसणार हे त्याला काल बांधावर कळून चुकलं होतं. “दिला होता,” तो म्हणाला. “एक वडी. जुंपायच्या आधी. तुम्हाला बारी रद्द करायची असली तर रविवारी मी स्वतः कमिटीपुढे सांगतो.” एवढं बोलून त्याला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात दुःखही होतं; जत्रेतून घरी परतताना पाय मोकळे आणि हात रिकामे असतात, तसं.

 अंबाजीशेठनी दावं पुन्हा खुंट्याला अडकवलं आणि ओटीच्या कडेला बसले. त्यांच्या खांद्यांना काहीतरी होत होतं, आणि ते हसताहेत हे बद्रुद्दीनला कळायला थोडा वेळ लागला. “बद्रुभाऊ,” ते म्हणाले, “त्या दिशी मी माझ्या बैलांना इस अंडी घातली व्हती. दोन लिटर दूध, पाव किलो तूप. आईनं चौघांस्नी अंगारा लावला. माझ्या सुनंनं पुढच्या जोडीला काजू चारलं, मला चोरून. तुमच्या बैलाला एक वडी. वडीनं पळत असता, तर माझा काजूनं का न्हाई पळाला?” ते डोळे पुसत उठले, कंदीलपाशी गेले आणि त्याच्या मानेवरून हात फिरवू लागले. “आन् मी त्याला मागितला तो त्यानं मला हरवला म्हनून. हरलेला बैल घेऊन काय करू? बारी न्हाई पुसायची. मी सांगतो कमिटीला. लोकांसाठी म्हनून आठ दिसांनी पुन्यांदा तपासू, तवर तुमी ह्याच्यापाशी फिरकायचं न्हाई.”

ओटीवरून गेणूआबांचा आवाज आला, तो इतका हळू की दोघांना वळून पाहावं लागलं. ते म्हणत होते की मला ठाऊक होतं. वैरणीवरून आलो तेव्हाच कंदीलच्या तोंडाला तपकिरी लागलेलं होतं, आणि डबा चिमानं धुऊन सुया-दोऱ्याला घेतलाय, त्याच्यावर तुमच्या दुकानाचं नाव आहे. मग बोलला का नाहीत, असं बद्रुद्दीननं विचारलं तेव्हा त्यांनी आधी गुडघे आणखी जवळ घेतले. “तुमी दुकानावर बसता. चार गावची मान्सं येत्यात, तुमचा शबुद ऐकत्यात. माझं काय, मला घाट बंद झाला तर म्या भातात जाईन.” ते थांबले आणि चिमाबाईंकडे एकदा चोरून पाहून म्हणाले, “आन् खरं सांगू का, सौदा मोडला म्हनून मला बी जरा बरंच वाटलं.” यावर चिमाबाई पहिल्यांदा बोलल्या. त्या म्हणाल्या की दोघांची अक्कल एका दावणीला बांधली तर ती पळायची नाही, आणि चहा टाकायला आत गेल्या. बद्रुद्दीनला वाटलं, हा माणूस कालपासून माझ्या वाटणीचं काळं तोंडाला लावून इथं बसला होता, आणि मी बांधावर पायऱ्या मोजत होतो. त्याला आबांना मिठी मारावीशी वाटली, पण ते पटकन उठून दुशाला पाणी दाखवायला गेले, तेव्हा तोही मागोमाग गेला. का देताय कंदीलला, एवढं त्यानं शेवटी विचारलंच. आबा म्हणाले की त्याला आता माझ्याकडून शिकायचं काही राहिलं नाही, आणि मला अजून एखादा शिकवायची हौस आहे. दुशानं बादलीत नाक घातलं, शिंकला, आणि दोघांच्या कपड्यांवर पाणी उडवलं. बदलीच्या विरोधात बद्रुद्दीनकडे पुष्कळ मुद्दे होते, पण त्यातला एकही त्याला तिथं सापडेना.

चहा झाल्यावर त्यानं अंगणात उभं राहून ग्रुपवर आपल्या आवाजात सगळं सांगितलं. या वेळी चाळीस सेकंद पुरले. आपण बैलाला फज चारला, दोष आपला, गेणूआबा निर्दोष, आणि मोटारीबद्दल बोललो ते अजून खरं मानतो पण जरा घाईनं बोललो. पप्पूचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. त्यात नुसता चॉकलेटचा एक तुकडा होता आणि त्याच्यामागे बैल. मग ते पिवळे चेहरे पुन्हा सुरू झाले, या खेपेला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे, पन्नास, साठ, शंभर. आयुष्यभर ज्या हसण्याची त्याला धास्ती होती ते सगळं एकदम अंगावर आलं आणि अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट निघालं. निघताना तो कंदीलपासून चार हात दूर उभा राहिला, कारण तसं ठरलं होतं. बैलानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि गव्हाणीत तोंड घातलं.

तो वलवणला पोचला तेव्हा नजमा तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं. “कंदील जाणार,” तो म्हणाला. “भाद्रपदी पोळा झाला की इंदुरीला.” “मग हसताय कशाला?” तिनं विचारलं. आपण हसतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तिला माघातली ती बारी सांगायला लागला. तिनं ती इतक्या वेळा ऐकली होती की झेंडा कधी पडतो आणि मान कधी वाकडी होते ते तिला त्याच्याआधी कळायचं. पण आज त्यानं झेंड्यापासून सुरुवात केली नाही. सकाळची थंडी होती, तो म्हणाला, बैल जुंपायचे होते, आणि माझ्या खिशात अक्रोडाची एक वडी होती. नजमानं सूप बाजूला ठेवलं आणि ती ऐकू लागली.